अकरा वाकड्या पायऱ्या

आसनवाडीच्या बारवेच्या पहिल्या अकरा पायऱ्या वाकड्या आहेत. त्याखालच्या तेवीस मात्र सरळ, सपाट. मध्येच कारागीर बदलला का, असे पाहुणे विचारतात. नागोराव गुरव म्हणतात, "एकच होता. बसा, सांगतो."

फार वर्षांपूर्वी इथे सलग तीन पावसाळे कोरडे गेले. बायका दोन कोसांवरून पाणी आणत. या उन्हाळ्यात पाणी लागले नाही तर गाव उठवायचे, असे पंचांनी ठरवले आणि जानोजी पाथरवटाने बारव खोदायला घेतली. याआधी बहिणीच्या गावात त्याने तीस हात खोदले होते आणि धूळ काढली होती. त्या गावाने खड्ड्याला त्याचेच नाव दिले. कारागिराचे नाव राहावे, पण असे नव्हे.

त्यामुळे जानोजी दहा घाव घाली आणि खडकाला कान लावी. झुळझुळ ऐकू येते का? वर काठावर रिकामटेकडे बसलेलेच.

"लागलं का रं, जानोजी?"

"लागंल."

"न्हाई, त्या गावालाबी तू असंच म्हनला हुतास."

त्याची झोप उडाली. छिन्नी सरकू लागली, पायऱ्या वाकड्या उतरू लागल्या. कर्म करावे, फळाची आस धरू नये, हे त्याने कीर्तनात वीस वेळा ऐकले होते आणि वीसही वेळा मान डोलावली होती. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

अकरावी पायरी झाली त्या दुपारी त्याची बायको सगुणा भाकरी घेऊन उतरली. सातवीवर तिचा पाय घसरला आणि ती चार पायऱ्या गडगडत खाली आली. घोटा सुजला. जानोजी धावला, तर ती म्हणाली, "अवं, मी तर भाकरी घिऊन आले. उद्या घागर घिऊन कुणी पोटुशी उतरंल. तुमचा कान खाली पान्याकडं, मग पायरी कोन बघनार?"

तिला पाठुंगळी घेऊन जानोजी त्याच अकरा पायऱ्या चढला, तेव्हा प्रत्येक पायरी त्याच्या पायाला कळली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कान लावणे सोडले. परातीत पाणी घेऊन ती पायरीवर ठेवायची, पाणी कुठे कलते ते पाहायचे आणि तेवढाच दगड तासायचा. पुढचे पुढे. हात स्थिर झाला. रात्री, म्हणे, तो इतका घोरू लागला की सगुणेची झोप उडाली.

चौतिसावी पायरी अर्धी झाली आणि खडकातून पाणी उसळले. असे सांगतात की जानोजी आधी चिडलाच. "थांब की! पायरी व्हायची हाय अजून!"

गाव घागरी घेऊन धावले. वरच्या पायऱ्या पुन्हा घडवायला सवड कोण देतो? मग जानोजी सातव्या पायरीवर उभा राहिला आणि घागर घेऊन चढणाऱ्या प्रत्येकीला त्याने हात दिला. अख्खा उन्हाळा.

आजही जिवाला घोर लागलेला माणूस इथे येऊन तासभर हात देतो. कोणाचा खटला असतो, कोणाचा परीक्षेचा निकाल. पुढे काय झाले, ते गाव विचारत नाही. गावात नळ आला आहे, पण त्याला पाणी आठवड्यातून एकदाच येते, त्यामुळे प्रथेला धोका नाही.

नागोराव उठतात. सारखा फोन उघडून पाहणाऱ्या पाहुण्याला म्हणतात, "साहेब, तो खिशात ठेवा. काकू घागर घेऊन निघाल्यात, जरा सातवीवर जाता का?"