शेपटूच्या डबक्यातला थेंब

एक होती बेडकी. चिंचोक्याएवढी. नाव तिचं चिमी.

चिमीला होता एक भाऊ. नाव त्याचं शेपटू. शेपटूला पाय नव्हते, अजून फुटायचे होते. नुसतं डोकं, नुसती शेपटी.

दोघं राहायची वरोऱ्याच्या स्टँडवर, नत्थूकाकाच्या गाडीखाली. तिथे होता एक खळगा. काका गाडीत एसी लावायचा आणि ओरडायचा, "चला चला, गारेगार गाडी!" वर गाडी गार व्हायची. खाली पाणी गळायचं. टिप. टिप. टिप. खळग्यात डबकं व्हायचं. शेपटू पोहायचा. सळसळ, सळसळ. शेजारी एक गोगलगाय राहायची. ती काही बोलायची नाही, पण असायची.

एक दिवस टिप थांबलं.

काकानं बटण दाबलं. पंखा म्हणाला फूं फूं. गरम गरम फूं फूं. काकानं गाडी बंद केली.

आणि ऊन तर असं! दगड चर्र, माती चर्र. परातीएवढं डबकं ताटाएवढं झालं. गोगलगाय शंखात गेली. बाहेर आलीच नाही.

शेपटू म्हणाला, "ताई, पाणी?"

चिमी म्हणाली, "आणते. तू हलू नकोस."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. नळीच्या तोंडाशी थेंब बसला होता. अर्धाच.

"थेंबा थेंबा, पड ना रे!
भाऊ माझा पोहत नाही!"

थेंब म्हणाला, "जाळी गार होत नाही, मी पडत नाही."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. जाळी होती पंख्यामागे. धुळीनं भरलेली.

"जाळी जाळी, गार हो ना गं!
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

जाळी म्हणाली, "कॉम्प्रेसर फिरत नाही, मी गार होत नाही."

डबकं झालं बशीएवढं. खालून आवाज आला, "ताई, पाणी?"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. कॉम्प्रेसर होता इंजिनाजवळ. जाड्या, काळा, ढिम्म.

"कॉम्प्रेसरदादा, फिर ना रे!
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

कॉम्प्रेसर म्हणाला, "चकती चिकटत नाही, मी फिरत नाही."

चकती होती त्याच्या नाकावरच. वीज आली की टक् करून चिकटायची. आज टक् नाही.

"चकती चकती, चिकट ना गं!
कॉम्प्रेसर फिरत नाही,
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

चकती म्हणाली, "वायर वीज देत नाही, मी चिकटत नाही."

डबकं झालं वाटीएवढं. खालून आवाज आला, "ताई, पा..."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. वायर होती ताणलेली. तिची पिन अर्धी बाहेर आली होती.

"वायरबाई, वीज दे ना गं!
चकती चिकटत नाही,
कॉम्प्रेसर फिरत नाही,
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

वायर कण्हली. म्हणाली, "लिंबू उतरत नाही, मी वीज देत नाही."

लिंबू? हो, लिंबू! दृष्ट लागू नये म्हणून काकानं लिंबू-मिरची बांधली होती. कुठे? वायरला! एसी बंद पडला, तर काका म्हणाला, "दृष्टच लागली!" आणि बांधलं दुसरं लिंबू. तरी चालेना, मग तिसरं. वायर बिचारी खाली, अजून खाली.

"लिंबा लिंबा, उतर ना रे!
वायर वीज देत नाही,
चकती चिकटत नाही,
कॉम्प्रेसर फिरत नाही,
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

लिंबू म्हणालं, "काका सोडत नाही, मी उतरत नाही."

डबकं झालं चमच्याएवढं. खालून आवाज आला, "ताई..."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. काका बसला होता स्टिअरिंगवर डोकं ठेवून. गाडीत एकही प्रवासी नाही.

"काका काका, सोडा ना हो!
लिंबू उतरत नाही,
वायर वीज देत नाही,
चकती चिकटत नाही,
कॉम्प्रेसर फिरत नाही,
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

काका म्हणाला, "लिंबू काकूच्या हातचं. काकू बोलत नाही, मी सोडत नाही."

पार्बताकाकू समोरच सरबत विकायची. लिंबं तिचीच. काका तिला म्हणाला होता, "तुह्या लिंबात दमच नाही." झालं! तेव्हापासून कट्टी. (मोठी माणसं अशीच. माझ्याकडे काय बघतोस?)

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. पाय भाजले. चट्, चट्, चट्.

"काकू काकू, बोल ना गं!
काका सोडत नाही,
लिंबू उतरत नाही,
वायर वीज देत नाही,
चकती चिकटत नाही,
कॉम्प्रेसर फिरत नाही,
जाळी गार होत नाही,
थेंब पडत नाही,
भाऊ माझा पोहत नाही!"

काकू म्हणाली, "काका बोलत नाही, मी बोलत नाही."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

चिमीनं कान दिला. गाडीखालून आवाज आला नाही.

समोर होतं सरबताचं पातेलं. चिमीला वाटलं, पाणीच आहे. तोंडात भरून नेऊ. तिनं डोळे मिटले.

डुबुक!

"अगं माय वं!" काकू ओरडली. "अहो! बेंडूक! सरबतात बेंडूक! या ना लवकर!"

काका धावत आला. "काऊन वं, बोलली का माह्याशी?"

"बोलली नाही. ओरडली."

काकानं चिमीला ओंजळीत धरलं. वाकून तिला गाडीखालच्या सावलीत सोडलं. काकूही वाकली.

"अन् हे काय? वायरले लिंबू? मी आरशाले बांधा म्हणलं होतं ना!"

"आरशाले बांधलं तर मागचं दिसत नाही ना!"

"सोडा आधी!"

काकू बोलली, काकानं सोडलं.
काकानं सोडलं, लिंबू उतरलं.
काकानं पिन दाबली, खट्! गाडी सुरू केली, बटण दाबलं.
वायरनं वीज दिली.
चकती चिकटली. टक्!
कॉम्प्रेसर फिरला. घुर्रर्र!
जाळी गार झाली.
थेंब पडला.

चर्र. वाळून गेला.

दुसरा पडला. चर्र. तोही गेला.

तिसरा पडला. टिप.

टिप. टिप. टिप.

खळग्याच्या तळाशी ओला डाग होता. डागात शेपटू. हलत नव्हता. चिमी जवळ बसली. "शेपटू, पाणी."

टिप. टिप.

शेपटीचं टोक हललं. एवढंसं. मग सळ. मग सळसळ!

"ताई," शेपटू म्हणाला, "हे आंबट का लागतंय?"

"मी आंबट आहे," चिमी म्हणाली. "तू पोह."

गोगलगायीचा शंख तसाच पडून होता. चिमीनं हाक मारली. ओ आली नाही. मग तिनं शंख हळूच ढकलला, डबक्याच्या काठापर्यंत. ओल्या जागी. आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

वर काकू आणि काका भांडत होते. मोठमोठ्यानं. बोलत होते ना, मग झालं तर!

थेंब डबक्यात, गोष्ट कानात, आणि तू माझ्या कुशीत.