आवडूची गाठ

फार फार वर्षांपूर्वी, किनाऱ्याला आगबोटी लागायच्याही आधी, शिरवेळ गावासमोरच्या समुद्रात एक मोठा खडक होता. तो पिवळ्या, जांभळ्या, बोटांसारख्या आणि कानांसारख्या पोवळ्यांनी भरलेला होता, म्हणून त्याला फुलखडक म्हणत. मोठ्या लाटा तिथेच फुटायच्या आणि गावापर्यंत यायचा तो नुसता फेस. मासे इतके, की पाहुणा दारात दिसला की घरची बाई आधी तवा तापत ठेवायची आणि नवरा मग जाळं घेऊन निघायचा, असं म्हणतात.

रामा गावकर तेव्हा गावचा मुख्य होता. माणूस भला, पण देवळाचा विषय निघाला की कुणाचं ऐकायचा नाही. देवळाच्या भिंतींना चुना हवा होता. त्यानं ठरवलं, फुलखडक फोडायचा आणि भट्टीत भाजायचा. भर बैठकीत आवडू उभी राहिली. आवडू म्हणजे ओहोटीला खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं काढून पोट भरणारी बाई, घर अगदी पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागून.

"गावकरानू, तो दगड नाय," ती म्हणाली. "जीव आसा तो. मी वाढताना बघलंय."

"माका शानपण शिकवू नको. तू आपली कालवां काढ," गावकर म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला झाला.

देऊळ पांढरंशुभ्र झालं. पण फोडलेल्या खडकावरून लाटा थेट आत येऊ लागल्या. पहिल्या पावसाळ्यात माडांची रांग गेली, दुसऱ्यात होड्यांची खोपटी गेली, तिसऱ्यात पाणी आवडूच्या तुळशीपाशी आलं. मासेही दिसेनात. लोक गाव सोडून वर घाटीवर, डोंगराच्या चढाला जागा बघू लागले. आवडूला जायचं नव्हतं. त्याच घरात तिची तीन मुलं जन्मली होती आणि त्यातलं एक त्याच पुळणीत पुरलं होतं. ती जागा समुद्राला देऊन जायला तिचं मन घेईना.

मग तिनं काथ्याचा सुंभ वळायला घेतला. तळाशी तुटून पडलेले, अजून रंग धरून असलेले पोवळ्याचे तुकडे ती वेचायची आणि पुन्हा वाढावेत म्हणून खडकाला बांधायची. ती बुडी मारायची तेव्हा काठावर भाताला आधण ठेवत आणि भात शिजला की ती वर यायची, असं म्हणतात.

पहिल्या वर्षी ती चुकली. उभं राहून हात पुरेल अशा उथळ जागी तिनं शंभरेक तुकडे बांधले. चैत्रातल्या मोठ्या ओहोटीला खडक उघडा पडला आणि सगळे उन्हात पांढरे होऊन मेले. ती पुळणीत बसून रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुंभ वळायला बसली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक तिच्याकडे बघून म्हणाले. मला विचाराल तर ती रडली म्हणूनच ती मला आवडते.

आता ती खोल बांधू लागली. पण तिथे दुसरीच अडचण. पोवळं हललं की मेलं. तुकडा घट्ट बसायला हवा, आणि माणसाला हात दोनच. एका हातानं खडक धरायचा, दुसऱ्यानं तुकडा, मग गाठ कुणी मारायची? मासे येऊन सुंभाचं टोक तोंडात धरायचे, असं म्हणतात. धरतही असतील, पण माशांना काही रोज सवड नसते. दहा गाठींतल्या आठ सुटायच्या.

चौथ्या पावसाळ्यात पाणी देवळाच्या पायरीला लागलं. पाऊस सरला, पाणी निवळलं आणि एका सकाळी आवडू तळाशी असताना तिच्या शेजारी कुणीतरी उतरलं. रामा गावकर. त्यानं तुकडा दोन्ही हातांनी खडकावर दाबून धरला. आवडूनं त्याच्याकडे पाहिलं आणि गाठ मारली.

असे ते सात वर्षं उतरले. पाण्याबाहेर एक शब्द नाही. गावकराला पोहणं जेमतेम येत होतं, पण समुद्रानंच त्याला कल्ले दिले, असं म्हणतात. सुंभ वर्षभरात कुजायचा, पण तोवर पोवळ्यानं स्वतःच खडक धरलेला असायचा.

आठव्या वर्षी मोठं तुफान आलं. माडाएवढ्या लाटा उठल्या, फुलखडकावर आपटल्या आणि तिथेच फुटल्या. आवडूच्या अंगणात फेस आला, तोही तुळशीपर्यंत पोचण्याआधीच थांबला. पाऊस उघडल्यावर म्हातारा गावकर तिच्या दारात आला.

"माझा चुकला गो, आवडू."

"ता माका पाण्यातच कळला," आवडू म्हणाली आणि तिनं त्याला बसायला पाट दिला.

दोघं जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. शिरवेळात आजही दोन माणसांचं बिनसलं, बांधावरून असो की फणसावरून, तर पंच दोघांना सुंभाचा एक तुकडा देतात आणि फुलखडकावर पाठवतात. आवडूचं नाव घेऊन बुडी मारायची, तळाशी तुटून पडलेलं एक पोवळं शोधायचं आणि दोघांनी मिळून ते खडकाला बांधायचं. काही जण वर येतात ते हसत. काही वर आल्या आल्या पुन्हा भांडायला लागतात, त्यांना दुसऱ्या दिवशी परत पाठवतात. पण गाठ मारल्याशिवाय कुणी आलेलं नाही. खाली बोलता येत नाही, एकानं धरल्याशिवाय दुसऱ्याला बांधता येत नाही, आणि श्वास तर दोघांचाही संपत आलेला असतो.