तहहयात अध्यक्षपदाचा अर्ज

विषय : केवडाबेटांचे पहिले राष्ट्राध्यक्ष मा. जानोजी घाडी यांना त्या पदावर तहहयात ठेवण्यास भिवाबाबांची लेखी संमती मिळणेबाबत.

संदर्भ : स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन, संध्याकाळ, डोंगरावरचा मठ.

"पण बाबा, अडचण काय आहे?" राष्ट्राध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारले.



खाली बंदरावर ढोल घुमत होते. तोफा एकवीस सुटायच्या होत्या. आनंदाच्या भरात सत्तावीस सुटल्या. मी फाइल धरून साहेबांच्या मागे उभा होतो, आणि खरे सांगायचे तर माझाही पाय ठेका धरत होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ठराव यायचा होता. उसाच्या मळ्यांतले, बाबांना मानणारे बारा सभासद अडून बसले होते. बाबांची सही दाखवा, हात वर करतो, म्हणाले.

साहेबांना बसवत नव्हते. ते येरझाऱ्या घालत बोलत होते. नऊ वर्षांचा तुरुंग, सहा संप, गव्हर्नरला घेऊन बोट निघाली तो दिवस. शिवाय यंदाच्या चाळीस शाळा. सगळे खरे होते. टंकलेखन मीच केले होते.

"पाच वर्षांच्या मुदतीत काय होणार, बाबा? मी गेलो तर हे लोक बंदरसुद्धा विकतील."

"कोण लोक?"

"हेच... खाली नाचतायत ते."

"तुझ्या नावानं नाचतायत ना?"

"म्हणजे काय. ऐका की."

बाबांनी ऐकले. मान डोलावली. मग उठले आणि बसायची घोंगडी गुंडाळू लागले.

मठाची रीत अशी की, ओट्यावर कायमचे आसन नाही. रोज सकाळी कोणीतरी शिष्य घोंगडी अंथरतो, संध्याकाळी बाबा ती स्वतः गुंडाळतात. अंथर म्हणून कोणाला सांगायचे नाही. साहेब तरुणपणी या मठात शिकले, तेव्हा अंथरायचे काम बहुधा तेच करत.

"बाबा, माझं बोलणं संपलं नाही."

"माझं तरी कुठं संपलंय?"

"उद्या कोण अंथरणार?" साहेबांनी घोंगडीकडे बघत विचारले.

"ठाऊक नाही."

"चाळीस वर्षं बसताय इथं, आणि ठाऊक नाही?"

"एकेक दिवसच बसलो, जानू."

साहेब थांबले.

"आणि कोणीच आलं नाही तर?"

"एकदा नव्हतं आलं. तू तापानं पडला होतास."

"मग?"

"उभा होतो."

"दिवसभर?"

"पाय दुखले. मठ होता तिथंच राहिला."

...

साहेबांनी माझ्या हातून फाइल ओढून घेतली, उघडली, पेनचे टोपण काढले. "बाबा, ठराव उद्या आहे."

बाबांनी उघड्या फाइलवर घोंगडी ठेवली.

"खाली चौकात घेऊन जा. कोणी अंथरली तर बस, नाहीतर कडेला उभा राहा. बोलू नकोस."

"किती वेळ?"

बाबा ओटा झाडू लागले.

साहेबांनी फाइल मला परत दिली. घोंगडी काखेत मारली. मोटार तिथेच सोडून पायवाटेने उतरू लागले. आधी सावकाश, मग भराभर, शाळा सुटल्यासारखे.

मी मागे राहिलो. शेऱ्याची जागा कोरी ठेवून कचेरीत जाणे मला जमणारे नव्हते.

"बाबा, अर्जावर काय लिहू?"

"लिही, सकाळी बघू."

तसे लिहिले. सही नसल्याने दुसऱ्या दिवशी ठराव मांडला गेला नाही. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.