भेगेत मारलेली पाचर

एकदा एक वृद्ध वाद्यकार पठारावरच्या एका गावात राहत होता. त्या गावात पाऊस बेताचाच पडे, आणि थंडीत हवा इतकी कोरडी होई की माणसांचे ओठ फुटत, टाचांना भेगा पडत. वाद्यकाराचे नाव शलमोन. प्रार्थनामंदिरातली बाजाची पेटी, भजनी मंडळाची वीणा, कॉलेजातल्या मुलांच्या गिटारी, जे जे लाकडाचे आणि सुराचे, ते दुरुस्तीसाठी त्याच्याकडे येई. सारे गाव त्याला मास्तर म्हणे.

मास्तरांपाशी अनसूया नावाची शिष्या काम शिकत होती. ती सुताराची लेक. रंधा आणि पटाशी तिच्या हातात लहानपणापासून बसलेली. तरी मास्तरांच्या वागण्याचा अर्थ तिला पुष्कळदा लागत नसे. पावसाळाभर त्यांनी तिला एकच शिकवले होते, की पाणी हा लाकडाचा वैरी. ओल्या हाताने गिटारीला शिवलेले त्यांना खपत नसे. आणि थंडी सुरू होताच तेच मास्तर साबणाच्या डब्यांना भोके पाडून त्यांत ओला स्पंज ठेवू लागले, आणि एकेक डबी गिटारीच्या पेटीत घालून पेटी बंद करू लागले. अनसूया बघत राहिली. विचारावेसे वाटले, पण मास्तरांच्या चेहऱ्यावर असा काही सहजपणा होता, की आपलाच प्रश्न तिला वेडगळ वाटला.

अशात एक दिवस मोतीशेठ आले. फुटाण्या-चुरमुऱ्यांचा त्यांचा मोठा व्यापार होता, स्वतःची भट्टी होती. त्यांनी चादरीत गुंडाळलेली गिटार बाकावर ठेवली. तिच्या वरच्या फळीला उभी भेग गेली होती. नख सहज आत शिरावे एवढी.

"पोरीची आहे," शेठ म्हणाले. "शर्वरीची. संक्रांतीला यायची आहे ती. त्याआधी ही भेग दिसता कामा नये."

मग त्यांनी हळूहळू सारे सांगितले. शर्वरी गल्लीतल्या मुलांना गिटार शिकवी. शेठना तो पोरखेळ वाटे. दोन वर्षांमागे चार पाहुण्यांच्या देखत ते तिला म्हणाले होते, "एक दिवस तुझी ही गिटार भट्टीत घालतो की नाही बघ!"  दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मामाकडे निघून गेली. गिटार मागेच राहिली. शेठनी ती भट्टीमागच्या आपल्या खोलीत खुंटीला टांगली. रोज सकाळी ते स्वतः ती कोरड्या फडक्याने पुसत. भिंतीपलीकडे भट्टी धगधगे, बाहेर कोरडी थंडी, आणि एके दिवशी त्यांना ही भेग दिसली.

"ती आल्या आल्या ही बघणार," शेठ म्हणाले, "आणि म्हणणार, घातलीत ना शेवटी भट्टीत! काय सांगू मी तिला?"

मास्तरांनी भेगेवरून बोट फिरवले. मग तारा सैल केल्या, गिटार पेटीत ठेवली, शेजारी ओली डबी ठेवली आणि पेटी बंद केली.

"आणि भेग?" शेठनी विचारले.

"बघू या," मास्तर म्हणाले.

पुढचे बरेच दिवस त्यांनी खरोखर एवढेच केले. रोज पेटी उघडायची, भेगेवरून बोट फिरवायचे, स्पंज ओला करायचा, पेटी मिटायची. शेठ मधूनमधून येत. भेग त्यांना तशीच दिसे. "मास्तर, सण तोंडावर आला," ते काकुळतीने म्हणत. मास्तरांचे उत्तर ठरलेले असे : "अजून नाही, शेठ."

अनसूयेला काहीच उमगत नव्हते. ज्या पाण्याला मास्तर वैरी म्हणत, त्याच पाण्याच्या भरवशावर त्यांनी गिटार सोडून दिली होती. वय झाले, हात कापतो, म्हणून काम टाळतात की काय, अशी शंकाही तिच्या मनाला चाटून गेली, आणि त्या शंकेची तिला लाज वाटली.

संक्रांत अगदी जवळ आली असताना मास्तर भाचीच्या लग्नाला परगावी गेले. नेमके तेव्हाच शेठ आले. अनसूया एकटी आहे हे पाहून दारातच थबकले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, तुला येतं ना गं हे काम? तूच कर. एका बापावर उपकार होतील."

अनसूयेला ते काम येत होते. तिने त्याच जातीच्या लाकडाची बारीक पाचर तासली, सरस लावून भेगेत बसवली, घासली, रंग मिळवला. पाचर कुठे आहे हे तिचे तिलाही शोधावे लागले. शेठ आनंदाने म्हणाले, "सुकली की नेतो. सणाच्या आदल्या दिवशी येतो."

मास्तर परतले. त्यांनी पेटी उघडली, बोट फिरवले आणि ते थांबले. अनसूया मान खाली घालून उभी होती. ते रागावतील असे तिला वाटले. पण त्यांनी स्पंज ओला केला, डबी ठेवली आणि पेटी मिटली. आता तर तिचा गोंधळ आणखी वाढला. भेग बुजली, मग अजून पाणी कशाला?

शेठ यायच्या दिवशी तिनेच पेटी उघडली. पाचर होती तिथेच घट्ट होती. पण तिच्या शेजारची फळी फुगून वर आली होती, आणि आतली आडवी पट्टी एका टोकाला सुटली होती. अनसूया पेटीपाशी खाली बसली. "मास्तर, मी तर नीट बसवली होती!"

"नीटच बसवली आहेस," मास्तर तिच्याजवळ बसत म्हणाले. "इतकी नीट, की ती आता जागा सोडत नाही. पोरी, या फळीतलं लाकूड हरवलं नव्हतं. थंडीच्या हवेनं आणि भट्टीच्या धगीनं त्यातली ओल ओढून घेतली, म्हणून ते आकसलं, आणि आकसता आकसता फाटलं. टाचेला भेग पडली तर आपण तीत चिखल भरतो का? तेल लावतो, पाणी लावतो, आणि वाट बघतो. ओल मिळाली तसं हे लाकूड आपल्या जागेवर परत यायला निघालं होतं. आलं, तर त्याच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं! मग ते जाणार कुठं? फुगलं बिचारं."

"पण पाणी वैरी ना?"

"फार झालं की वैरी. मुळीच नसलं तरी वैरी." मास्तरांनी सुटलेल्या पट्टीवर बोट ठेवले. "हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू विचारलं नाहीस, आणि तुला कळत असेल असं मी धरून चाललो. पाचर दिसली तेव्हाही वाटलं, लाकूड तिच्यासकट मावेल. चूक दोघांची."

शेठ आले तेव्हा अनसूयेने स्वतः त्यांना सारे सांगितले आणि हात जोडले. शेठ त्या फुगलेल्या फळीवर वाकले. "म्हणजे उद्या माझ्या हातात काहीच नसणार," ते म्हणाले.

"नसणार," मास्तर म्हणाले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बापलेक दोघेही कार्यशाळेत आले. शेठनी मुलीला आधीच सांगून टाकले होते, कारण लपवायला काही उरलेच नव्हते. मास्तरांनी गरम सुरीने सरस सोडवून पाचर काढली होती, आणि गिटार बाकावर होती, उघड्या भेगेसह. शर्वरीने तिच्यावरून हात फिरवला.

"रोज पुसत होतात?" तिने वडिलांकडे न बघता विचारले.

"धूळ बसायची," शेठ म्हणाले.

"भट्टीच्या भिंतीला टांगून?"

"माझी खोली तीच. डोळ्यांसमोर राहावी म्हणून..." शेठ तिच्याकडे वळले. "त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं, शर्वरी."

  शर्वरीने भेगेवर बोट ठेवले आणि मास्तरांना विचारले, "किती दिवस लागतील?"

"लाकूड ठरवील."

ती मामाकडे परत गेली. पण नंतर दर शनिवारी ती गाडीने येऊ लागली. आधी कार्यशाळेत येई, भेग पाही, मग घरी जेवायला जाई. कधी घरी राहत असे, कधी संध्याकाळीच परते. माघ सरता सरता भेग केसाएवढी झाली आणि एके दिवशी बोटाला लागेनाशी झाली. मास्तरांनी सुटलेली पट्टी बसवली आणि अनसूयेला भेगेवर सरसाचा एक थेंब सोडायला लावला. बस्स.

गिटार न्यायला शर्वरी आणि शेठ बरोबर आले. तारा जुळवून तिने जरासे वाजवले, मान हलवली आणि गिटार खांद्याला लावून ती रस्त्याला लागली. शेठ दोन पावले मागून चालत होते. तिने त्यांना पुढे या म्हटले नाही, पण आपला वेग मात्र कमी केला.

अनसूया दारात उभी राहून पाहत होती. "मास्तर, भरेल ना हो ती?"

"गिटारीची भेग? भरली की."

"मी ते नाही विचारलं."

मास्तर हसले. "दुसरं मला येत नाही, पोरी. त्यांना वेळ दे."

अनसूयेचे समाधान झाले नाही. पण त्या दिवसापासून कुठे फट दिसली की तिचा हात लगेच पाचरेकडे जाईनासा झाला. ज्यांच्या घरी कुणी रुसून दूर गेले आहे, त्यांनीही फट लगेच न बुजवता थोडी ओल देऊन पाहायला हरकत नाही.