कॅसेट नष्ट करू नका

एकदा एका नदीकाठच्या शहरातील न्यायालयात एक वकील आपल्या विजयाच्या क्षणी उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच तो विजय थांबवला. पाहणारे अवाक झाले. सर्वांत मोठा धक्का बसला तो त्यांच्या शिष्येला.

वकिलांचे नाव नीळकंठराव दिवेकर. वयाची पंच्याहत्तरी उलटलेली. आकाशवाणीच्या कलाकारांपासून केबलवाल्यांपर्यंत अनेकांचे प्रसारणहक्काचे दावे त्यांनी चालवले होते. शिष्या शाल्मली चौगुले हिला सनद मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. गुरूंचा शब्द तिला प्रमाण होता. म्हणूनच त्या दिवशी तिची अवस्था बिकट झाली.

अशील होते सुकुमार शिरगुप्पे, स्थानिक केबल वाहिनीचे मालक. ही वाहिनी त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू भूपालअण्णा यांनी मिळून उभारली होती. वीस वर्षांपूर्वी महापुराने अर्धे शहर गिळले, तेव्हा या वाहिनीने सलग चार दिवस प्रसारण केले. अण्णा माइकसमोर बसून अडकलेल्या माणसांची नावे, पत्ते आणि निरोप वाचत राहिले. अण्णांना जाऊन आता चार वर्षे झाली होती.

महादेव मिठारी नावाच्या निवृत्त पोस्टमनने ते प्रसारण तेव्हा घरच्या व्हीसीआरवर उतरवून घेतले होते. अलीकडे त्यांनी ते इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. वाहिनीचे बोधचिन्ह झाकून त्यावर त्यांनी पट्टी चिकटवली होती : ‘मिठारी संग्रह’.

“आवाज आमच्या अण्णांचा, कॅमेरा आमचा आणि नाव ह्याचं?” शिरगुप्पे पहिल्याच भेटीत कडाडले. “साहेब, मला त्याच्या घरात एक कॅसेट शिल्लक नको. सगळं नष्ट करायचं. तसा हुकूम घ्या.”

“तुमची बाजू भक्कम आहे,” दिवेकर म्हणाले. “प्रसारणावर प्रसारकाचा हक्क पंचवीस वर्षं असतो. त्याला विचारल्याशिवाय कुणी ते पुन्हा दाखवू शकत नाही, त्यावर स्वतःचं नाव तर मुळीच घालू शकत नाही. मूळ चित्रणाची प्रत तेवढी पाठवा.”

दुसऱ्या दिवशी शिरगुप्प्यांच्या व्यवस्थापकाने एक पेनड्राइव्ह आणून दिला. मालकांच्या शपथपत्रासह शाल्मलीने तो दाव्याला जोडला. न्यायालयाने पहिल्याच तारखेला मिठारींचे व्हिडिओ इंटरनेटवरून काढायला लावले.

पुढच्या तारखेला मिठारी स्वतः आले. पाठीत वाकलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत अकरा कॅसेट होत्या.

“साहेब, मला कायदा ठाऊक नव्हता,” ते न्यायाधीशांना म्हणाले. “पट्टी लावली ही चूकच झाली. ह्या सगळ्या घ्या, इथंच मोडून टाका. मला आता कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत.”

शिरगुप्प्यांनी समाधानाने मान हलवली. न्यायाधीशांनी दिवेकरांकडे पाहिले. “वादीची मागणी हीच आहे. हुकूम करू?”

दिवेकर उठले. “नको, महाराज. कॅसेट नष्ट करू नका. त्या मोहोरबंद करून न्यायालयाच्या ताब्यात ठेवाव्यात, एवढीच विनंती आहे. त्यांना कुणी हात लावू नये. आमच्या अशिलांनीसुद्धा नाही.”

 शाल्मलीच्या हातातली फाइल घसरली. विनंती मान्य झाली, तरी तिला ते खरे वाटेना.

बाहेर व्हरांड्यात शिरगुप्प्यांचा तोल सुटला. “तुम्ही माझे वकील का त्याचे? तो द्यायला तयार, जज द्यायला तयार आणि तुम्ही आडवे येता? उद्या माझे कागद परत द्या!”

“देईन,” दिवेकर शांतपणे म्हणाले. “काल दिवसभर तुम्हाला फोन लावत होतो, तुम्ही उचलला नाही. आता फक्त एक करा. शाल्मलीला घेऊन तुमच्या कॅसेटच्या खोलीत जा. महापुराच्या मूळ कॅसेट आपल्या डोळ्यांनी पाहा. मग कागद न्या.”

“त्यात पाहायचं काय? कपाटभर आहेत!”

रागारागानेच ते निघाले. शाल्मली मागे गेली.

वाहिनीच्या तळघरात ते कपाट होते. कॅसेटही होत्या, पाठीवर लाल शाईत ‘महापूर’ असे लिहिलेल्या. शिरगुप्प्यांनी पहिली यंत्रात घातली. पडद्यावर एका बारशाचा पाळणा दिसू लागला. दुसरीत नगरसेवकाचा सत्कार. तिसरीत साडीच्या दुकानाची जाहिरात, पुन्हा पुन्हा. नवव्या कॅसेटपर्यंत शिरगुप्पे उभे होते. मग जवळच्या खोक्यावर मटकन बसले. कधीतरी कोऱ्या कॅसेट संपल्या म्हणून कुणीतरी त्यांच्यावरच नवे चित्रण केले होते. कुणी, कधी, कोणालाच माहीत नव्हते.

व्यवस्थापकाला बोलावले. तो खाली मान घालून म्हणाला, “मालक, मूळ सापडेना. तुम्ही चिडाल म्हणून मी मिठारींच्याच व्हिडिओतून उतरवून घेतलं. पट्टी दिसू नये म्हणून कडा कापली.”

 सकाळी शिरगुप्प्यांच्या मागणीप्रमाणे हुकूम झाला असता, तर पेनड्राइव्हवरचे कडा कापलेले तुकडे सोडून अण्णांचा सारा आवाज जगातून पुसला गेला असता. आणि ते टाळ्या वाजवत घरी आले असते.

शाल्मली धावतच गुरूंच्या कचेरीत परतली. “सर, तुम्हाला कसं कळलं?”

“मिठारींनी तारखेआधी दिलेल्या लेखी जबाबात लिहिलंय की तिसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतली वीज गेली, शेजाऱ्याच्या जनरेटरवर त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं,” दिवेकर म्हणाले. “त्यांच्या चित्रणात तिथं खंड आहे. परवा संध्याकाळी आपण जोडलेली ‘मूळ प्रत’ मी शेवटपर्यंत पाहिली. तिच्यातही नेमका तिथंच खंड आहे. मिठारींच्या गल्लीतली वीज गेली म्हणून वाहिनीची मूळ कॅसेट कशी तुटेल?”

“मग न्यायालयात का नाही बोललात?”

“खात्री नव्हती. आणि अशिलाला आधी न सांगता त्याच्या घरातलं भर दालनात कसं बोलू? आता खात्री झाली. उद्या शपथपत्र दुरुस्त करण्याचा अर्ज आपणच द्यायचा, पहिलं काम ते.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शाल्मली, हक्क सिद्ध करून देणं हे आपलं काम आणि ते करायलाच हवं. मिठारींनी दुसऱ्याच्या श्रमावर आपलं नाव लावलं, हे चूकच. पण न्यायालय फक्त हक्क राखू शकतं. वस्तू राखायची असते ती मालकानं. ती त्यानंच गमावली, तर निकालपत्र हातात घेऊन तो कशाचा मालक राहणार? म्हणून नष्ट करण्याचा हुकूम मागताना हात थरथरला पाहिजे. तो हुकूम मागं घेता येत नाही.”

आठवड्याभराने तडजोड झाली. हक्क वाहिनीचा, नाव वाहिनीचे. आणि खाली ओळ : ‘जतन – महादेव मिठारी’. न्यायालयाने शपथपत्राबद्दल शिरगुप्प्यांना कडक समज दिली आणि कॅसेट त्यांच्या स्वाधीन केल्या. त्या दिवेकरांच्या कचेरीत सर्वांसमक्ष लावून पाहायचे ठरले.

आठव्या कॅसेटवर अण्णा दिसले. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. एकेक नाव ते वाचत होते. मग हातातला कागद त्यांनी बाजूला ठेवला.

“सुकुमार भूजगोंडा शिरगुप्पे, वय तीस. काल दुपारी कॅमेरा घेऊन नावेतून गेला, अजून परतला नाही. अंगात निळा शर्ट. कुणाला दिसला तर कळवा.” त्यांनी थेट कॅमेऱ्यात पाहिले. “सुकुमार, जिथं असशील तिथं उंचावर राहा रे. मला इथून उठता येत नाही.” त्यांनी पुन्हा कागद उचलला आणि पुढचे नाव वाचले.

शिरगुप्पे खुर्चीतून अर्धवट उठले होते, तसेच राहिले. त्या वेळी ते एका शाळेच्या गच्चीवर दोन दिवस अडकले होते. तिथे दूरदर्शन संच कुठला? “अण्णा मला शोधायला आले नाहीत,” ते कसेबसे म्हणाले. “चार दिवस माइक सोडला नाही. वीस वर्षं मी ते मनात धरलं. त्यांनीही कधी सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा मी त्यांच्याशी नीट बोललो नाही हो.”

 मग मिठारींनी घसा साफ केला.

“ही नावं मी कॅसेट मागं-पुढं करून वहीत लिहून घ्यायचो. पत्ते सगळे पायाखालचे. छावण्याछावण्यांतून निरोप पोचवत फिरायचो,” ते म्हणाले. “निळ्या शर्टाचा माणूस मी चार छावण्यांत विचारला, मालक. तुम्ही काही सापडला नाहीत.”

शिरगुप्प्यांनी वृद्ध पोस्टमनचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्यावर कपाळ टेकले.

शाल्मलीने दिवेकरांकडे पाहिले. तेही डोळे पुसत होते. चित्रणात हे आहे, याची त्यांनाही कल्पना नव्हती. मिठारींनी हा भाग अजून इंटरनेटवर टाकलाच नव्हता. दिवेकरांना फक्त एवढेच ठाऊक होते की, आत काय आहे हे न पाहता कुणाचेही काही नष्ट करू नये.