न लवणारी पापणी

“…आणि वाटेत काय काय बघितलंस?”

“वाट बघितली.”

“अन् वाटेवर?”

“पांढरी पट्टी. दुसरं काही नाही. नजर हलू द्यायची नाही, असं ठरवूनच निघालो होतो, आई.”

चंद्राआई बाजरी पाखडत होती. सूप वर गेलं, खाली आलं. दाणे परतले. भूस वाऱ्यावर निघालं आणि धुक्यात जाऊन विरलं.

“उसाला तुरे आलेत. ते?”

“…नाही बघितले.”

“एवढा थोरला रानभर उभा हाय तो. अन् न्हाई बघितला.”

मठी टेकडीच्या माथ्यावर होती. खाली नदी, पण त्या सकाळी ती कुणालाच दिसत नव्हती. नावाड्याची हाक तेवढी वर यायची, आणि ती कुठल्या काठावरून आली ते कळायचं नाही. नदीच्या अलीकडं सगळा ऊस. धुकं कुठं संपतं आणि पांढरे तुरे कुठून सुरू होतात, हे उन्हालाही सापडेना. म्हणून दहा वाजून गेले तरी ते वरच खोळंबलं होतं.

आईपुढं मांडी घालून बसला होता तो दिग्विजय. वय सत्तावीस. तालुक्याच्या गावी योगाचा वर्ग चालवायचा. तीन वर्षं त्यानं त्राटक केलं होतं. रोज पहाटे समईपुढं बसायचं आणि पापणी न मिटता ज्योतीकडं बघत राहायचं. त्याचं अंग शिस्तीचं, बोलणं शिस्तीचं, गर्वसुद्धा शिस्तीचाच. कुठं सांडायचा नाही. पण भांडं काठोकाठ भरलेलं.

चंद्राआईकडं लोक दोन कामांसाठी येत. काहींना अनुग्रह हवा असे, आईनं कानात मंत्र सांगून पदरात घ्यावं म्हणून. बाकीच्यांच्या डोळ्यात काहीतरी गेलेलं असे.

ते ती जिभेच्या शेंड्यानं काढायची. ही विद्या तिला सासूनं शिकवली होती. मंत्राची कुणी शिकवली, ते ती सांगत नसे.

दिग्विजयला मंत्र हवा होता. महिन्यापूर्वी त्यानं तसं विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती,

“देते की. एक कर. फटफटीवर बसताना डोळ्याला चष्मा लाव.”

त्याला वाटलं, आई थट्टा करतेय.

पुढच्या बाजारी आई स्वतः टेकडी उतरून गेली. छत्रीला चष्मे लटकवून विकणारा एक जण बाजारात बसतो, त्याच्यापुढं उकिडवी बसली. मठीत स्वयंपाकाला असणारी शेवंताक्का तिच्यासोबत होती. ती अजून सांगते, आईनं सात चष्मे लावून बघितले. सातवा लावून समोरच्या म्हशीकडं बघितलं आणि तिला हसू आलं. तोच घेतला.

काळा नव्हता. साध्या पांढऱ्या काचेचा, दोन्ही बाजूंनी बंद, मागून रबरी पट्टा.

तेव्हापासून तो चष्मा दाराजवळच्या खिळ्याला लटकत होता. दिग्विजय येताना तो बघायचा, जाताना तिथंच सोडायचा.

“आई, ज्याची पापणी ताब्यात आली, त्यानं प्लॅस्टिकच्या आड लपायचं?” आज त्यानं शेवटी विचारूनच टाकलं. “माझ्या वर्गातली पोरं काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणतील, सर घाबरले.”

“चिलटाला?”

शेवंताक्का चुलीपाशी फिसकन हसली.

दिग्विजयनं खिशातून मोबाइल काढला आणि सुपाशेजारी ठेवला. पुलापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत अकरा किलोमीटर. मागच्या एका फेरीला वर्गातल्या एकानं दुसऱ्या गाडीवरून सोबत येत चित्रण केलं होतं. वारा तोंडावर येतोय, केस मागं उडताहेत, साखर कारखान्याच्या चिमणीची राख तरंगतेय. आणि डोळा उघडा. सताड उघडा.

“एकदाही लवली नाही,” तो म्हणाला. “हजारो लोकांनी बघितलंय.”

आईनं पदरानं हात पुसले. मोबाइल उचलून डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“डोळा दिसतोय… तू कुठं हाईस ह्यात?”

तिनं मोबाइल परत सुपाशेजारी ठेवला.

लोकांना न मिटणारा डोळा देवाचा वाटतो. देवळातल्या मूर्तीची पापणीही मिटत नाही. म्हणून तर तिला रोज कुणीतरी धुवावं लागतं.

“तोंड हिकडं कर,” आई म्हणाली.

“केलंय की.”

“अर्धंच केलंयस. उजवं अंग सावलीत ठेवून बसलायस मघापासनं.”

धुक्यातून नावाड्यानं कुणाला तरी हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

“…पंधरा दिवस झाले,” दिग्विजय म्हणाला. त्याचा आवाज उतरला, पण त्यात अजून थोडा डौल होता. “उजव्या डोळ्यानं बघितलं की ज्योतीभोवती कडं दिसतं. गोल. इंद्रधनुष्यासारखं. वर्गातले म्हणाले, तेजोवलय आहे. साधनेची खूण.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मीही… तेच म्हणालो.”

“दुखतं का तेजोवलय?”

“…पहाटेचं दुखतं.”

“पाणी येतं?”

“येतं.”

“आमच्या म्हाताऱ्यालाबी तेजोवलय दिसायचं,” शेवंताक्का चुलीपासून म्हणाली. “मोठी गडबड केली त्यानं, गावजेवण घालू म्हणला. मोतीबिंदू निघाला.”

“अक्का, तुम्ही भाकरी बघा तुमची.”

“बघतीय की. मी भाकरीबी बघती आन वाटबी बघती. दोन डोळं कशाला दिल्यात?”

दिग्विजयनं आईचे पाय धरले. हा मुलगा सहसा वाकायचा नाही. वाकला, तो धाडकन वाकला.

“आई, आज गुरुवार आहे. आज द्या. डोळ्याचं पुढं काय व्हायचं ते होईल. मंत्र मिळाला की मला कशाची भीती नाही. चष्म्याची अट सोडा. दुसरी कुठलीही परीक्षा घ्या. आत्ता घ्या.”

“परीक्षा?”

“हो.”

“आत्ता?”

“आत्ता.”

आईनं सूप उचललं. वारा कुठून येतोय ते गालावर अजमावलं, बसल्या जागी थोडी फिरली आणि सूप त्याच्या तोंडासमोर पाखडलं.

बाजरीचं भूस. ज्यानं मळणी केलीय, त्याला ते कसं बोचतं ते सांगायला नको. सोनेरी ढगासारखं उठलं, क्षणभर हवेत लोंबकळलं आणि मग सावकाश, अगदी सावकाश, त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसलं. भुवयांवर. मिशीवर. उघड्या डोळ्यांवर.

तो हलला नाही.

पापणी लवली नाही.

उजव्या डोळ्यातून एक धार निघाली, गालावरच्या भुसातून वाट काढत हनुवटीपर्यंत गेली.

“लवली का गं?” आईनं विचारलं.

शेवंताक्का हातातलं पीठ झटकत जवळ आली. वाकून बघितलं.

“न्हाई बा. लवली न्हाई,” ती म्हणाली. “खरंच न्हाई लवली.” आणि मग, जरा थांबून, “पर लई लाल झालाय ओ, आई.”

दिग्विजयच्या ओठांवर बारीक हसू होतं. दात एकमेकांवर दाबलेले होते.

“ये,” आई म्हणाली. “डोकं ठेव हितं.”

त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं चूळ भरली, दोन्ही तळव्यांत त्याचं तोंड धरलं. ती खाली वाकली. तिच्या सुरकुत्या, कपाळाचा अंगारा, पिकल्या केसांची एक बट, सगळं इतकं जवळ आलं की त्याला त्यातलं काहीच ओळखू येईना. मग जिभेचा शेंडा त्याच्या डोळ्याशी आला…

पापणी मिटली.

“उघड.”

त्यानं उघडली. ती वाकली. पापणी मिटली.

“उघड की रं.”

“उघडतोय, आई.”

पुन्हा मिटली.

तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या दोन बोटांनी पापणी ताणून धरली. बोटांखाली ती फडफडत राहिली, हातात धरलेल्या चिमणीसारखी. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

“आई… ऐकत नाही.”

“कोण?”

“ही. पापणी.”

“भुसाला बरं ऐकली.”

“हो…”

“माझ्यापुढंच दार लावून घेती व्हय?”

त्याच्या बोटांतून पापणी सुटली. हात दोन्हीकडं जमिनीवर पडले. आणि दोन्ही डोळे मिटले, कुणी न सांगता, गच्च नव्हे, लेकरू दूध पिता पिता मिटतं तसे.

आईही थांबली. तिला घाई नव्हती.

आत अंधार नव्हता. धुकं आत शिरल्यासारखं मऊ पांढरं काहीतरी होतं. त्याला तुऱ्यांचा आवाज ऐकू आला. तुऱ्यांना आवाज असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी फार लांब रेशीम घडी करून ठेवतंय, तसला. खालून वल्ह्याचा आवाज आला. चुलीत काटकी मोडली. मग त्याला वाटलं, आपण गाडीवर आहोत आणि गाडी चालतेय, पण चाकं जमिनीला लागत नाहीत. दोन्ही बाजूंनी माणसं चाललीत. वैरणीचे भारे घेतलेल्या बाया, सायकलवरचा दूधवाला, दप्तर पाठीला लावलेल्या पोरी. रोज ती तिथंच असणार. प्रत्येकाचं तोंड त्याला दिसत होतं, आणि प्रत्येक जण बाजूला सरून त्याला वाट देत होता…

किती वेळ गेला, ते त्यानं मोजलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं वेळ मोजला नाही.

डोळा आपसूक उघडला. तेव्हा सैल पडलेल्या पापणीखालून आईची जीभ फिरून गेलीसुद्धा होती.

तिनं बोटाच्या टोकावर काढून दाखवलं. बाजरीच्या भुसाचं एक कुसळ. आणि त्याच्याशेजारी एक काळा कण, मोहरीच्या चौथाईएवढा.

“हे आजचं.”

“आणि ते?”

“कारखान्याच्या चिमणीची राख. पंधरा दिस झाले असतील तिला रुतून.”

दिग्विजय उठून बसला. त्या काळ्या कणाकडं बघत राहिला. त्याच्या साधनेची खूण आईच्या बोटावर नखाएवढीसुद्धा नव्हती.

“त्या राखेनं फूल धरलंय डोळ्यात, बुबुळावर पांढरा डाग,” आई म्हणाली. “माझी जीभ कुसळ काढती, फूल काढत न्हाई. हितनं नीट डोळ्याच्या दवाखान्यात जायाचं. घरी नंतर.”

“डोळा… राहील का?”

“ते डाक्टरला विचार. मला इचारू नको. मी डोळं देणारी न्हवं.”

“आई, खरं सांगा.”

“खरंच सांगितलं. आज गेलास तर ऱ्हाईल असं वाटतं. तेजोवलय कुरवाळत बसलास तर न्हाई.”

मोबाइल सुपाशेजारी तसाच होता. त्यानं तो उचलला, त्यातलं काहीतरी बोटानं दाबलं, पुसलं आणि खिशात टाकला. काय पुसलं ते कुणी विचारलं नाही.

मग तो दाराशी गेला. खिळ्यावरचा चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, आधी बाहेरून, मग आतून. डोक्यावरून पट्टा ओढला, तसे मागचे केस झुडपासारखे उभे राहिले.

“अगं बया,” शेवंताक्का म्हणाली. “दादा, बेडूक दिसताय.”

“दिसू दे, अक्का.”

“विहिरीतला न्हवं हां. बाहेर आलेला.”

तो हसला. हसताना गालावरचं भूस गळून पडलं.

अंगणात जाऊन त्यानं गाडीला किक मारली. चष्म्याच्या काचेवर धुक्याचे बारीक थेंब जमले होते. ते पुसायला त्यानं हात वर नेला आणि तसाच थांबला. काचेबाहेर ऊन शेवटी खाली उतरलं होतं. सगळा ऊस पांढरा, एका अंगाला झुकलेला, आणि त्याच्या पलीकडं नदी, पाण्यावर एकच नाव, आणि नावेत उभा राहून कुणाला तरी हात करणारा माणूस. दिग्विजय बघत राहिला. दोनदा पापणी लवली. त्यानं लवू दिली.

त्यानं गाडी बंद केली. मागं फिरला. उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला, चष्मा तसाच डोळ्यावर. आतली आई त्याला काचेतून दिसत होती. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

“आई…”

“आता काय?”

“चष्मा लावला.”

“दिसतोय.”

“मग मंत्र द्यायला… कधी येऊ?”

आईनं सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवला. वर बघितलं नाही.

“परत कशाला येतोस त्यापायी? दिला की मघाशी. तू डोळं मिटलंस तवा.”