न लागलेली नाडी

"शौर्य म्हणजे नेमकं काय, फादर?"

"गळ्यात घालून आलायस, आणि मला विचारतोस?"

वॉल्टरची मान आणखी ताठ झाली. पदक होतंच तसं. अमेरिकी फौजेत त्याहून मोठं पदक नाही. कोरियाच्या लढाईत, बर्फाने भरलेल्या एका टेकडीवरून, गोळ्यांचा वर्षाव चालू असताना या पठ्ठ्याने एकामागून एक जखमी पाठीवर घालून खाली आणले होते. घरी परतला तेव्हा गावाने बँड लावून मिरवणूक काढली. तो आपला साधा शिपाई, पण जनरलसाहेबांनी आधी त्याला सलाम ठोकला. या पदकाचा मानच तसा असतो.

आणि आता स्वारी केंटकीच्या डोंगरातल्या या मठात येऊन थडकली होती.

"मला इथं ठेवून घ्या, फादर. कायमचा."

त्याला वाटलं, म्हातारा हरखून जाईल. असा शिष्य कुणाला नको असतो?

फादर क्लेमंट सरपणाची मोळी बांधत राहिले.

"कॉर्बी गावावरून आलास?"

"नाही. डोंगराला वळसा घालून."

"कॉर्बीवरून सरळ रस्ता आहे की. बससुद्धा येते."

वॉल्टर बुटाच्या टोकाने बर्फ उकरू लागला.

"कॉर्बीत कोण राहतं?"

वॉल्टरची मान खाली गेली.

"एमेट," तो शेवटी म्हणाला. "माझ्याच तुकडीतला."

"मग?"

"आमच्या गळ्यात नावाचे दोन बिल्ले असतात, फादर. माणूस गेला की एक त्याच्यापाशी ठेवायचा, एक खाली न्यायचा. म्हणजे घरी कळवता येतं... एमेट टेकडीच्या सगळ्यात वर पडला होता. मी नाडी बघितली. लागली नाही. बिल्ला काढला आणि उतरलो."

"आणि?"

"तो जिवंत होता!"

मोळीवरचे फादरांचे हात थांबले.

"दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीने त्याला उचलून आणलं. तोवर बर्फाने दोन्ही पाय गेले होते. चूक कळेपर्यंत इकडे त्याच्या आईने शोकाचे काळे कपडेसुद्धा घातले होते. पदक देताना यातलं कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही."

शत्रूच्या तोफांपुढे न डगमगलेला तो गडी लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? इथंच राहू द्या मला. जन्मभर प्रायश्चित्त घेईन."

फादर उठले. दाराशी पाण्याचं पिंप होतं. वरचा बर्फ त्यांनी काठीने फोडला.

"हात घाल."

वॉल्टरने घातले. कळ मस्तकात गेली.

"काढू?"

"अंहं."

"...आता?"

"थांब जरा."

बोटं आहेत की नाहीत तेही कळेनासं झालं, तेव्हा कुठे फादरांनी त्याला हात काढू दिले. मग बाही वर सारून त्यांनी आपलं मनगट पुढे केलं.

"नाडी बघ."

वॉल्टरने बोटं टेकवली. इकडे सरकवली, तिकडे सरकवली. जोर देऊन दाबली.

"लागते?"

"...नाही."

"म्हणजे मी गेलो म्हणायचं!"

वॉल्टरने वर पाहिलं. म्हाताऱ्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि डोळे मिश्कील हसत होते.

मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हसायला लागला, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला.

"म्हणजे मी त्याला टाकून आलो नव्हतो... देवा! फादर, आता तरी राहू ना इथं?"

"एमेटला ठाऊक आहे?"

"काय?"

"तू वाकून त्याची नाडी बघितली होतीस, हे."

हे वॉल्टरच्या कधी मनातच आलं नव्हतं. एमेटला तेव्हा शुद्ध कुठे होती? त्याला एवढंच ठाऊक असणार, की सगळ्यांना नेलं आणि आपल्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाय गेल्याचं दुःख होतंच, त्यावर हेही उराशी धरून तो बिचारा तिकडे बसला असेल.

"तो मला दारात उभं करणार नाही, फादर."

"नाही करायचा."

"शिव्या घालेल."

"घालेल की. ऐकून घे."

वॉल्टरने कोटाच्या खिशातून एमेटचा बिल्ला काढला; एमेट जिवंत निघाल्यावर तो वॉल्टरकडेच परत आला होता. बधिर बोटांतून तो निसटला. बर्फातून उचलून त्याने मुठीत घट्ट धरला, आणि कॉर्बीकडे जाणाऱ्या सरळ रस्त्याकडे वळला.

"अरे, असा कुठे निघालास?" फादरांनी मागून हाक मारली. "आधी चुलीपाशी ये. या वेळी हात शेकून जा."